धापेवाडीची रात्र

सायकलचा आणि माझा संबंध १९८८ साली संपला, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. त्या वर्षी मला नोकरी लागली, नोकरीपाठोपाठ स्कूटर आली आणि वडिलांची बावीस इंची काळी सायकल सांगलीच्या घरी मागल्या पडवीत भिंतीला टेकून उभी राहिली. पुढे तिच्यावर शेंगांची रिकामी पोती पडली, पोत्यांवर मांजरे निजू लागली आणि एका पावसाळ्यात आईने पुढच्या चाकावर पडवळाचा वेल चढवला. सायकलीचा याहून सात्त्विक शेवट मला तरी ठाऊक नाही.

तेव्हा वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, स्कॉटलंडच्या उत्तरेला, जानेवारीच्या कडाक्यात, रात्री बारा वाजता, बर्फाने मढलेल्या डोंगरावर तू सायकल चालवीत असशील, असे भविष्य कोणी मला सांगितले असते, तर मी त्या ज्योतिष्याला आधी त्याचे पंचांग तपासायला लावले असते. पण २०१८ सालच्या जानेवारीत हे घडले खरे. कसे घडले, ते सांगतो.

आमचे बिऱ्हाड अॅबर्डीनला. हे गाव सगळे करड्या ग्रॅनाइटचे. ऊन पडले की चांदीसारखे चकाकते, आणि ऊन पडत नाही. उत्तर समुद्रात तेल सापडले, आणि १९७० नंतर या मासेमारीच्या बंदराचे नशीब पालटले. आमच्यासारखे पुष्कळ मराठी इंजिनियर त्या तेलामागोमागच तिथे पोचले. गणपती बसतात, दिवाळीला फराळाची ताटे या घरून त्या घरी जातात, आणि चकली बिघडली तर दोष हवेला देता येतो.

पण तेलाचे दैव हे लॉटरीसारखे. २०१४ च्या मध्यावर पिंपाला ११० डॉलरच्या वर असलेला भाव जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली उतरला. हजारो लोक घरी बसले. फेब्रुवारीत माझाही क्रमांक लागला. कंपनीने चहा पाजून, हात हातात घेऊन, अत्यंत सभ्यपणे मला निरोप दिला. पुढचे अकरा महिने मी घरी होतो.

घरी बसलेल्या पुरुषाचे दुःख पैशाचे असते, असे लोक समजतात. ते असतेच; पण त्याहून एक वेगळे दुःख असते. लहानपणी आपण सगळे खो-खो खेळलो आहोत. दोन खांबांच्या मधे ओळीत उकिडवे बसायचे आणि पाठीवर थाप पडून 'खो' मिळाला की उठून धावायचे. आता असा विचार करा, की तुम्ही बसला आहात, शेजारचे उठताहेत, धावताहेत, आणि तुम्हाला खो देणारा कोणी फिरकतच नाही. डाव चालू आहे, पण तुमच्यावाचून काही अडत नाही. या काळात आमच्या सौभाग्यवतीने एका बालवाडीत काम धरले. ती सकाळी आठला निघे. मी खिडकीत उभा राहून तिला जाताना पाही, आणि मग पडदा ओढून घेई.

तो पडदा उघडला तो शेजारच्या गुरुजींनी. हे सहासष्ट वर्षांचे स्कॉटिश गृहस्थ, निवृत्त भूगोल शिक्षक. एके सकाळी ते दोन सायकली घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मला एकट्याला फिरायचा कंटाळा येतो." मला वाटले, म्हातारा एकटा आहे, सोबत करावी. सोबत कोण कोणाला करीत होते हे कळायला मला बरेच महिने लागले.

गुरुजींनी मला पहिल्याच आठवड्यात स्टोनहेवनला नेले. अॅबर्डीनच्या दक्षिणेला समुद्रकाठचे हे लहानसे गाव. १८२२ साली इथे रॉबर्ट विल्यम थॉमसन जन्मला, आणि १८४५ साली त्याने हवा भरलेल्या रबरी धावेचे पेटंट घेतले. त्या वेळी सायकलच धड जन्मली नव्हती, म्हणून त्याच्या कल्पनेला चाक मिळाले नाही. पुढे १८८७-८८ मध्ये डनलॉप या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने बेलफास्टमध्ये मुलाच्या तीनचाकीसाठी तीच युक्ती पुन्हा शोधून काढली आणि तिचे सोने झाले. "थॉमसन हुशार होता, पण त्याची वेळ चुकली. वेळ चुकली म्हणजे माणूस चुकला असे नव्हे," गुरुजी समुद्राकडे पाहत म्हणाले. मास्तर लोकांची ही खोड सर्व देशांत सारखीच. भूगोल शिकवताना मधेच कान धरतात.

पुढे २०१७ च्या जानेवारीत मला कमी पगाराची का होईना, नोकरी मिळाली. पण अकरा महिन्यांत लागलेली एक सवय सुटली नाही. कोणी काही जबाबदारीचे काम पुढे केले, की माझ्या तोंडून आपोआप निघे, "दुसरा कोणी बघा ना!" आणि त्याच वर्षी डिसेंबरात गुरुजींच्या संघातल्या चौथ्या गड्याने गळपट्टीचे हाड मोडून घेतले.

आता हा संघ कसला, ते सांगायला हवे. डोंगरी सायकली, म्हणजे जाड दातेरी धावांच्या आणि मजबूत बांध्याच्या सायकली, या अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १९७० नंतरच्या दशकात काही हौशी पोरांनी जुन्या सायकली डोंगरावरून पिटाळता पिटाळता घडवल्या. त्यांची पहिली चोवीस तासांची सांघिक शर्यत १९९२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात झाली. तिचे पूर्वज मात्र जुने आहेत. गेल्या शतकाच्याही आधी बंदिस्त मैदानात सहा-सहा दिवसांच्या सायकल शर्यती भरत. लंडनला १८७८ मध्ये अशी शर्यत झाली होती. अमेरिकेत तर स्वार झोपेवाचून भ्रमिष्ट होऊन पडू लागले. तेव्हा न्यूयॉर्कात कायदा झाला, की एका स्वाराने दिवसात १२ तासांहून अधिक सायकल चालवू नये. आयोजक मोठे बेरकी. त्यांनी १८९९ मध्ये स्वारांच्या जोड्या केल्या. एक धावतो तेव्हा दुसरा विसावतो, आणि शर्यत मात्र अखंड. सायकलीतला खो-खो जन्मला तो असा, माणसाच्या दयेतून आणि गल्ल्याच्या चिंतेतून.

आमची शर्यत चौघांची होती. जंगलात आखलेली सुमारे ११ किलोमीटरची वाट. शनिवारी सकाळी १० ला प्रारंभ, रविवारी सकाळी १० ला समाप्ती. एकाने फेरी पुरी करून यायचे, मग दुसऱ्याने निघायचे. ज्यांच्या फेऱ्या जास्त ते वर. आणि हे सारे जानेवारीत, जेव्हा तिथे चोवीसांपैकी सतरा तास काळोख असतो! उन्हाळ्यात का नाही, असे मी विचारले. गुरुजी म्हणाले, "उन्हाळ्यात कोणीही करील."

मी सवयीने म्हटले, "दुसरा कोणी बघा ना!"

"बघितला. कोणी नाही. तुम्ही आला नाहीत तर संघ रद्द," एवढे बोलून गुरुजी घरी गेले. अकरा महिन्यांत आणि त्यानंतरच्या वर्षातही, तुमच्यावाचून अडेल, असे मला कोणी म्हटले नव्हते.

सौभाग्यवतीला सांगितले, तेव्हा ती पोळ्या लाटीत होती. लाटणे थांबले. "अहो, पन्नाशी उलटल्यावर माणसं काशीला जातात. तुम्ही बर्फात जाऊन हाडं मोडणार?" मी म्हटले, "अगं, माझ्यावाचून त्यांचं अडलंय." ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग पुन्हा लाटू लागली. त्या रात्री झोपण्यापूर्वी मला स्वयंपाकघरातून तीळ भाजल्याचा वास आला. संक्रांत चार दिवसांवर होती. पण परातीतले तीळ चाळीस माणसांना पुरतील एवढे होते.

अॅबर्डीनहून इन्व्हर्नेस सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. शुक्रवारी दुपारी आम्ही निघालो. मोटारीवर सायकली, मोटारीत सायकलींचे सामान, आणि उरलेल्या जागेत मी. सौभाग्यवती "नुसती बघायला" आली होती. तिच्या मांडीवर तिळगुळाचा डबा, पायाशी गुळपोळ्या, आणि पाठीमागे स्टोव्ह. वाटेत इन्व्हर्नेसच्या अलीकडे कलोडनचे माळरान लागते. इथे १७४६ च्या एप्रिलात डोंगराळ स्कॉटलंडची फौज तासाभरात कापली गेली आणि त्यांचे राज्याचे स्वप्न संपले. आपल्या पानिपताच्या आधी पंधरा वर्षे. गुरुजींनी मोटार हळू केली, पण थांबवली नाही. पराभवाची जागा ओलांडताना सगळीच माणसे आवाज खाली आणतात.

पुढे केसॉकचा पूल ओलांडला, की रस्ता डोंगरात शिरतो. समोर १०४६ मीटर उंचीचा बेन विव्हिस पांढरी पासोडी पांघरून बसलेला. त्याच्या पायथ्याशी स्ट्रॅथपेफर नावाचे टुमदार गाव आहे. इथे गंधकाचे झरे आहेत. आपल्या वज्रेश्वरीसारखेच, फक्त पाणी थंड! व्हिक्टोरिया राणीच्या काळात बडी मंडळी प्रकृतीसाठी इथे येत, ते वासाचे पाणी नाक दाबून पीत, आणि बरी होत. त्यांच्यासाठी १८८५ साली आगगाडीचा खास फाटा आला. १९४६ मध्ये उतारूंची वाहतूक बंद झाली. मोठमोठी जुनी घरे मात्र अजून लग्नघरातल्या म्हाताऱ्या आत्यांसारखी नटून उभी होती.

गावाबाहेर एक प्राचीन शिळा आहे, तिच्यावर गरुड कोरलेला. ही शिळा तीनदा पडली तर समुद्र इथवर येईल आणि तिला गलबते बांधतील, असे एका द्रष्ट्याचे भाकीत सांगतात. दोनदा ती पडून झाली आहे म्हणे! म्हणून लोकांनी तिच्या बुडाशी काँक्रीट ओतून ठेवले आहे. सौभाग्यवतीला हे फार पटले. "श्रद्धा असावी, पण पाया पक्का करून," ती म्हणाली.

शर्यत भरते ती जवळच्या कॉन्टिनच्या जंगलात. गावाच्या नावातले एक अक्षर बदलून तिचे नाव ठेवले आहे 'स्ट्रॅथपफर'. इंग्रजीत पफ म्हणजे धाप. आम्ही घरात तिचे बारसे 'धापेवाडी' असे केले, आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजून दहा मिनिटांनी हे नाव किती सार्थ आहे ते कळले.

संघातली बाकीची दोन माणसे तिथे भेटली. एक ग्लासगोकडच्या नर्सबाई, चाळिशीच्या, आवाज असा की रोगी आपण होऊन बरा व्हावा. दुसरा माझ्या नव्या कचेरीतला तेवीस वर्षांचा उमेदवार. त्याला आम्ही नुसते 'पोरगा' म्हणत असू. क्रम ठरला. आधी पोरगा, मग नर्सबाई, मग मी, शेवटी गुरुजी. मी त्यांना खो-खो समजावून सांगितला. त्यांना तो इतका आवडला, की फेरी बदलताना पाठीवर थाप मारून 'खो!' असे ओरडायचे, हा आमच्या संघाचा कायदा झाला. खरी नोंद करायला बोटाएवढी एक प्लास्टिकची कांडी होती. ती यंत्राच्या भोकात खुपसली की वेळ नोंदली जाई. पण कांडीला कसली ऊब?

फ्रान्समधल्या ल मां गावच्या मोटार शर्यतीत पूर्वी चालक धावत जाऊन गाडी गाठत. तसाच इथला प्रारंभ. शेकडो माणसे सायकलीचे बूट घालून बर्फात धावत सुटली. टकटक, घसरगुंडी, हशा! पोरगा त्या गर्दीत दिसेनासा झाला.

माझी पहिली फेरी दुपारी पाऊणच्या सुमारास आली. वाट सुरुवातीलाच चढाची. जंगलखात्याचा रुंद रस्ता वळणे घेत वर जातो, जातो, आणि जातच राहतो. मग झाडे विरळ होतात, आणि मोकळ्या खडकांवरून एक माणूस जाईल एवढीच वाट उरते. त्या आठवड्यात सगळ्या स्कॉटलंडभर बर्फ पडले होते. वरचे भुसभुशीत बर्फ चाकांनी दाबले जाऊन त्याचे काचेसारखे कवच झाले होते. त्यासाठी खास धावा मिळतात. रबरात शेकडो बारीक पोलादी खिळे बसवलेले असतात. डांबरावर त्या शेव तळल्यासारखा आवाज करतात. बर्फावर मात्र त्या मांजरीच्या नखांसारख्या रुततात. गुरुजींनी आपली जुनी जोडी मला दिली होती. ती नसती, तर हा लेख सौभाग्यवतीने लिहिला असता.

उतारावर एक गोष्ट कळली. भिऊन ब्रेक दाबला की माणूस पडतो. चाक सोडून दिले की ते आपली वाट शोधते. हे कळायला मला तीन वेळा पडावे लागले. तासा-सव्वातासाने मी तंबूत पोचलो, गुरुजींच्या पाठीवर थाप मारून 'खो!' म्हटले आणि जवळच्या ओंडक्यावर बसलो. सौभाग्यवतीने चहा दिला. तिच्याभोवती एव्हाना शेजारच्या दोन संघांची माणसे जमली होती. डब्यातला तिळगूळ फिरत होता. गोड बोलण्याची अट ती त्यांना इंग्रजीत समजावून सांगत होती, आणि दाढीवर बर्फाचे मणी लोंबणारे ते आडदांड पुरुष तोंडात वडी धरून, "हो, हो," असे माना डोलावीत होते.

चार-साडेचारला अंधार पडला. माझी दुसरी फेरी संध्याकाळी सहाला. डोक्याच्या शिरस्त्राणावर एक दिवा, हँडलवर एक. वडिलांच्या सायकलीचा डायनॅमो आठवला. चाक फिरेल तोवर उजेड, थांबले की गुडुप. बिनदिव्याचे गेलात तर पोलीस हवा सोडून देई, म्हणून आम्ही दिवा हातात धरून डबलसीट जात असू.

चढाच्या माथ्यावर क्षणभर थांबून मागे पाहिले. खालच्या दरीपासून वरच्या खडकांपर्यंत दिव्यांची एकच ओळ हलत होती. कुठे दोन, कुठे पाच, कुठे एकच. झाडांआड जाऊन पुन्हा उगवणारी. कोणी तरी डोंगराच्या पायऱ्यापायऱ्यांवर पणत्या मांडीत चालले आहे, असे वाटले. नरकचतुर्दशीच्या पहाटे आई अंगणात पणत्या ठेवी, तेव्हा मी कुडकुडत उभा असे आणि ती म्हणे, "थंडी वाजायला हवी, त्याशिवाय दिवाळी कसली?" इथे थंडीला तोटा नव्हता. मोटारीतला आकडा उणे ५ दाखवीत होता.

तिसऱ्या फेरीला मी निघालो तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती. पाय शिशासारखे. चढ कसाबसा संपवला. खडकांच्या भागात शिरलो आणि एका उतरत्या फरशीवर पुढचे चाक अचानक डावीकडे गेले. मी उजवीकडे गेलो. उठून पाहतो तो हँडलवरचा दिवा फुटलेला आणि गुडघ्यातून कळ येत होती. डोक्यावरचा दिवाही मंदावू लागला. थंडीत विजेऱ्यांचा दम लवकर संपतो, हे इंजिनियर असून मी विसरलो होतो. पाच मिनिटांत तो काजव्याएवढा झाला.

मी सायकल हातात धरून लंगडत चालू लागलो. मागून येणारे स्वार "ठीक ना?" असे विचारीत, आणि मी "ठीक" म्हणत असे. बाराचे साडेबारा झाले. खाली झाडांतून मोटारतळाचे दिवे दिसू लागले आणि त्या क्षणी एक विचार मनात आला, तो इथे लपवीत नाही. आडवाटेने खाली उतरावे, मोटारीत जाऊन बसावे, गुडघा दाखवावा. कोणी बोल लावणार नाही. नाहीतरी माझ्यावाचून काय अडते? अकरा महिने रोज सकाळी पडदा ओढताना मी हेच वाक्य म्हणत असे. ते शब्द पुन्हा ऐकले आणि माझे मलाच ओळखीच्या पण नको असलेल्या पाहुण्याला दारात पाहिल्यासारखे झाले.

कारण या वेळी अडत होते. खाली बदलीच्या जागी एक सहासष्ट वर्षांचा माणूस माझ्या थापेसाठी उभा होता. मी गेलो नाही तर तो निघू शकत नव्हता.

तेवढ्यात मागून उजेड आला आणि थांबला. एक बाई होती. तिच्या क्रमांकाच्या पट्टीवरून कळले, की ती एकटीच चोवीस तास चालवणाऱ्यांपैकी. तिला खो द्यायला कोणी नव्हते आणि खो घ्यायलाही. तिने माझा दिवा पाहिला, गुडघा पाहिला.

"बसता येईल का सायकलीवर?"

"येईल. दिसत नाही."

"मग मी हळू जाते. माझ्या चाकाकडे बघू नका, माझ्या उजेडाकडे बघा."

आणि ती खरोखर माझ्या पुढे हळूहळू जाऊ लागली. अवघड दगड आला की मान मागे वळवून तो उजळी. मी तिला दोनदा म्हटले, की तुमचा वेळ जातो आहे. ती म्हणाली, "माझ्याकडे सकाळपर्यंत आहे." रुंद रस्ता लागला, तशी मी खिशातून तिळाची वडी काढून तिला दिली. पडताना तिचा चुरा झाला होता. तिने तो तळहातावर घेऊन तोंडात टाकला, "हे काय आहे?" असे विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता अंधारात निघून गेली. तिचे नाव मला आजतागायत माहीत नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी मी पोचलो. ठरल्यापेक्षा अर्धा तास उशिरा. गुरुजी तंबूच्या तोंडाशी उभे होते. आत शेगडी होती, खुर्ची होती; पण मी केव्हाही येईन म्हणून ते बाहेरच उभे राहिले होते. भुवयांवर बर्फ साचले होते. मी थाप मारली. 'खो' म्हणताना आवाज फुटला नाही. त्यांनीच तो शब्द मोठ्याने उच्चारला आणि निघून गेले. ना प्रश्न, ना उपदेश. मास्तर असूनही!

नर्सबाईंनी गुडघा आवळून बांधला आणि जाहीर केले, की मोडलेले काही नाही, नुसता सुजला आहे. पोरग्याने आपला जादा दिवा माझ्या हँडलला बसवला. कोणीही विचारले नाही, की पुढची फेरी करणार का. सगळ्यांनी ती मी करणार असेच धरले होते. त्या धरून चालण्याची ऊब शेगडीपेक्षा जास्त होती. साडेपाचनंतर माझा क्रम आला, मी गेलो, आणि सात-सव्वासातला परत आलो. त्या फेरीत सांगण्यासारखे काही घडले नाही, आणि मला त्याचाच अभिमान वाटतो.

गुरुजी शेवटच्या फेरीला गेले. मी झोपायला हवे होते, पण गेलो नाही. बदलीच्या जागी जाऊन उभा राहिलो. आठ वाजले. सव्वाआठ झाले. पूर्वेकडे डोंगरांच्या कडा करड्या, मग गुलाबी झाल्या. प्रत्येक वळणावर दिवा दिसला की छाती धडधडे, आणि तो दुसराच कोणी निघे. म्हातारा पडला तर नसेल? वाटेत कोणी भेटले असेल का? सायकल चालवताना थंडी बोचते, पण वाट पाहताना ती हाडात शिरते. मी सारी रात्र समजत होतो, की शर्यत म्हणजे डोंगरावर काय घडते ते. निम्मी शर्यत इथे, या तंबूच्या तोंडाशी, पाय आपटीत उभी असते.

शेजारी कोणी तरी येऊन उभे राहिले. सौभाग्यवती. हातात चहा. तीही वळणाकडे पाहू लागली. मी म्हटले, "अगं, आत जा. गारठशील."

"मला सवय आहे वाट बघायची," ती सहज म्हणाली.

ती गुरुजींविषयी बोलत नव्हती. सकाळी आठला बालवाडीत जाताना ओढलेला पडदा तिने रोज मागे वळून पाहिला असणार, हे मला त्या घटकेपर्यंत सुचलेच नव्हते. मी तिच्या हातातला पेला घेतला. बोललो काहीच नाही. तिच्याशी माझी लग्नगाठ पडली तेव्हापासून महत्त्वाच्या वेळी मी काही बोललेलो नाही.

पावणेनऊला सूर्य वर आला, आणि नेमके त्याच वेळी वळणावर गुरुजी दिसले. दिवा अजून लागलेलाच. त्यांनी पोरग्याला खो दिला आणि माझ्या खांद्यावर हात टेकून उतरले. "किती वेळ उभे होतात?" त्यांनी विचारले. "आत्ताच आलो," मी म्हटले. दोघेही हसलो.

दहाला पाच मिनिटे असताना पोरगा परतला. आमच्या १७ फेऱ्या झाल्या, सुमारे १८७ किलोमीटर. निकालाच्या यादीत आमचे नाव शोधायचे तर खालून वाचायला सुरुवात करणे सोयीचे होते. आणखी एका फेरीचे नाव कोणीच काढले नाही.

निघताना सौभाग्यवतीने रिकामा डबा आपटून पाहिला. तिळाचा एक दाणा उरला नव्हता. शेजारच्या संघातला एक दाढीवाला धावत आला आणि मोटारीच्या खिडकीतून तिच्या खांद्यावर हलकेच थाप मारून ओरडला, "खो!" तो कुठल्याही नियमात बसत नव्हता. पण ती हसली, आणि सगळा कलोडनचा माळ मागे पडेपर्यंत हसत होती.

सोमवारी कचेरीत वरिष्ठांनी एक किचकट काम पुढे केले आणि विचारले, कोण बघेल? माझ्या तोंडात नेहमीचे वाक्य आले होते. मी गुडघा जरा चोळला, आणि म्हटले, "मी बघतो."

त्या संध्याकाळी सांगलीला आईला फोन केला. सगळी हकीकत ऐकून ती म्हणाली, "तिकडं भाड्यानं सायकली मिळतात का रे?" मी म्हटले, "ते राहू दे. बाबांच्या सायकलीवरचा वेल काढून ठेव. दिवाळीला येतोय."